गाडी ॲव्हरेज देत नाही

नव्वदच्या दशकात मी पेणला मोटरसायकलच्या एका शोरूममध्ये नोकरीला होतो. पुढं काचेचं दार, आत तीन-चार नव्या गाड्या आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये सर्व्हिसिंग. माझं टेबल या दोघांच्या मधे होतं. गाडी घेताना गिऱ्हाईक शेठजींशी बोलायचं, हसायचं, पेढे वाटायचं. दोन-तीन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक माझ्या टेबलासमोर उभं राहायचं. तेव्हा हसत नसायचं.

"गाडी ॲव्हरेज देत नाही."

बहुतेकांची तक्रार एवढीच असायची. जाहिरातीत ऐंशी लिहिलंय, मला पन्नास मिळतंय. कुणाला पंचावन्न, कुणाला अठ्ठेचाळीस. शिक्षक, तलाठी, कंपनीतले कामगार, भाजीवाले, सगळ्यांचं दुःख एकच. जाहिरातीत ऐंशीच्या डोक्यावर एक बारीक फुली असायची आणि तळाशी त्याहून बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हा आकडा प्रमाणित चाचणीतला आहे. ते कुणी वाचत नसे. वाचलं तरी प्रमाणित चाचणी म्हणजे काय, ते कुणाला कळणार?

मला कळलं होतं, कारण कंपनीनं आम्हाला पुण्याला ट्रेनिंगला नेलं होतं. तिथं एका बंद खोलीत गाडीचं चाक रोलरवर ठेवून फिरवतात, ते दाखवलं. गाडी जागच्या जागीच पळते. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, आडवी येणारी म्हैस नाही. इंजिन आधीच तापवलेलं. चालवणारा हलका आणि हाताचा सराईत. वेग किती वाढवायचा, केव्हा कमी करायचा, सगळं ठरवून दिलेलं. त्या खोलीत ऐंशी खरंच येतात. आकडा खोटा नसतो, पण तो त्या खोलीतला असतो.

आमच्या गिऱ्हाइकांचे रस्ते वेगळे होते. गाडी सकाळी गार असताना चोक देऊन सुरू करायची आणि चोक बंद करायला विसरायचं. मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं, हँडलला पिशव्या. वडखळच्या नाक्यावर ट्रकच्या मागं अर्धा क्लच दाबून पाच-दहा मिनिटं घुरघुरत राहायचं. टायरमध्ये हवा कधी भरली ते आठवत नाही. हे सगळं मी समजावून सांगायचो. दिवसातून कितीतरी वेळा. पुढं पुढं माझं तोंड बोलत राहायचं आणि मी दुसरीकडे कुठं तरी असायचो. दुसरीकडे म्हणजे तरी कुठं, तेही सांगता येणार नाही.

अशाच एका हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली आणि ती जगली नाही. बायकोचं माहेर रोह्याजवळच्या अष्टमी गावात, म्हणून बाळंतपण रोह्यात होतं. दिवस भरायच्या आधीच सगळं झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. बायको माहेरी राहिली आणि मी पेणला परत आलो, लगेच कामावर गेलो. लोक म्हणाले, खंबीर आहे. मी खंबीर वगैरे नव्हतो. मला काही होतच नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात दिवसभर रेडिओ चालायचा, तो ऐकू यायचा, पण कुठलं गाणं लागलंय ते कळायचं नाही.

दर गुरुवारी शेठजी मला रोह्याला पाठवायचे. तिथं एका गॅरेजमध्ये आमचं सर्व्हिसचं टेबल लागायचं. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. सुरुवातीला मी संध्याकाळी जायचो. सासूबाई चहा द्यायच्या. बायको खाटेवर भिंतीला टेकून बसलेली असायची.

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

यापुढं काही नसायचं. मग मी उठायचो. हळूहळू मी, काम उशिरा संपतं, असं सांगायला लागलो. गॅरेजच्या दारातून पूल दिसायचा. संध्याकाळी शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या, सायकली त्यावरून जाताना दिसायच्या. मी एस.टी. धरून पेणला यायचो.

असं चाललं असताना तो माणूस आला. वय चाळिशीच्या पुढचं, रापलेला, खांदे रुंद. वडखळच्या पलीकडं खाडीकाठच्या गावात राहणारा. घरचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात काम करणारे. हा पहिलाच, जो रोह्याच्या कंपनीत लागला होता. आदल्या गुढीपाडव्याला त्यानं आमच्याकडून गाडी घेतली होती.

"सायेब, पंचेचाळीस पन नाय भेटत."

मी नेहमीचं सांगायला सुरुवात केली. त्यानं हात वर केला.

"ते सगला मना ठावं हाय. चोक मी बंद करतो. हवा मी बघतो. पावसाच्या आधी हीच गाडी पासष्ट देत व्हती. दिवाळीपासून काय झाला तिला?"

हे मात्र वेगळं होतं. ऐंशी मिळत नाहीत म्हणून रडणारे पुष्कळ. मिळत होतं ते गेलं, असं सांगणारा क्वचित यायचा.

आम्ही गाडी खोलली. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला. मग टाकीची नळी काढून तिथं मापाची बाटली टांगली आणि त्याच्यासमोरच गाडी हायवेला नेली. बाटलीतल्या पेट्रोलवर सरळ रस्त्यानं, एकसारख्या वेगानं. हिशोब केला तर सत्तरच्या आसपास आलं. तो बाटलीकडे बघत राहिला.

"हिकडं सत्तर देतेय. मग घरी काय होतंय?"

तो गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. पुन्हा पंचेचाळीस. आता त्याला संशय यायला लागला होता. आधी पंपावरचा, मग शेजारचा, मग आमच्या मेकॅनिकचा. आवाज चढला. शेठजी बाहेर आले आणि मला म्हणाले, "एक दिवस याच्या मागं बसून जा रोह्याला. गाडी कशी चालवतो बघ."

पहिल्या शिफ्टला तो मोटरसायकलनं जायचा. वडखळच्या नाक्यावर पहाटेच्या गारठ्यात मी त्याच्या मागं बसलो. नागोठण्यापर्यंत ट्रकांची रांग होती. पुढं खिंडीचा चढ. तो गाडी छान चालवायचा, गिअर वेळेवर टाकायचा, उगाच रेस करायचा नाही. वाटेत तो बोलत होता. मुलगा मुंबईला कुठल्याशा दुकानात, मुलगी लग्न होऊन गेली, घरी बायको आणि म्हातारी आई.

"तुमाला पोरं किती?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

वाऱ्यानं त्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं परत विचारलं नाही.

रोह्याला पोचून पेट्रोल मोजलं तर गाडीनं साठच्या वर दिलं होतं. चढ होता, मागं मी होतो, ट्रक होते, तेवढं कमी होणारच. पण साठ आणि पंचेचाळीसच्या मधलं पेट्रोल कुठं जात होतं?

त्याच आठवड्यात गाडीचा क्लच घसरू लागला म्हणून त्यानं ती पुन्हा शेडमध्ये आणली. प्लेटी काढल्या तर काळ्या पडलेल्या, जळका वास येणाऱ्या. एवढ्या नव्या गाडीच्या प्लेटी अशा जळत नाहीत. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीच्या जळतात, कारण शिकणारा क्लच पूर्ण सोडायला घाबरतो.

"घरात कुणी गाडी शिकतंय का?" मी विचारलं.

"कोन शिकनार? पोरगा ममईला. म्हातारी शिकतेय काय?" तो वैतागून म्हणाला. मग म्हणाला, "तुमी एकदा घरा या. गाडी कुठं लावतो, रात्री कोन टाकीला हात लावतंय का, बघा. पुढच्या हप्त्यात दुसरी शिफ्ट हाय, सकालचा घरीच असतो."

दुसऱ्या शिफ्टला तो गाडी नेत नसे. रात्री हायवेनं एकट्यानं परत येणं घरच्यांना नको वाटायचं, म्हणून कंपनीच्या बसनं जायचा. ती बस दुपारी वडखळला यायची.

मी सकाळची एस.टी. धरायची ठरवली होती. ती आलीच नाही. पुढची आली ती इतकी भरलेली की थांबली नाही. मी वडखळला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथून खाडीच्या बाजूला पायी निघालो. गावात शिरलो तर म्हातारी ओट्यावर बसली होती. डाव्या पावलावर जुन्या जखमेचा मोठा डाग.

"तो गेला बस पकराला," ती म्हणाली.

"गाडी?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं. "मना काय ठावं?" ती म्हणाली.

तेवढ्यात लांबून आवाज आला. पहिल्या गिअरमध्ये ताणलेलं इंजिन कसं ओरडतं, ते मला झोपेतही ओळखता आलं असतं. मी आवाजाच्या रोखानं गेलो. गावामागं मिठागरं होती. दुपारच्या वेळी काम थांबलेलं, माणसं सावलीला गेलेली, मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात उभ्या. दोन आगरांच्या मधल्या बांधावर ती मोटरसायकल येत होती. तिच्यावर एक बाई. कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, नजर समोर रोखलेली. मागून दुसरी एक बाई गाडीचं कॅरिअर धरून पळत होती आणि धापा टाकत ओरडत होती.

"सोड गो, सोड हळू! आता नाय पडनार तू!"

क्लच एकदम सुटला. गाडीनं उसळी खाल्ली आणि बंद पडली. बाईनं दोन्ही पाय टेकवले, पडू दिली नाही. मग तिला मी दिसलो. माझ्या शर्टावर शोरूमचं नाव होतं. मागच्या बाईनं कॅरिअर सोडलं.

"तुमी गाडीवाले," बाई म्हणाली.

"हो, वहिनी."

"ह्यांना सांगू नका."

ती गाडीवरून उतरली नाही. हँडल तसंच धरून तिनं मला सांगितलं. गेल्या पावसात सासू शेताच्या बांधावर गेली होती, तिथं तिला साप चावला. नवरा दुसऱ्या शिफ्टला. गावात तेव्हा पुरुषमाणूस कुणी नाही. गाडी दारात उभी होती, नवी कोरी, टाकी भरलेली. हिनं शेजारणीला हाक मारली, दोघींनी म्हातारीला घोंगडीत घातलं आणि चिखलातून चालत हायवेला नेलं. तिथं एका टेम्पोवाल्यानं उचलली. म्हातारी वाचली.

"पन मी सारखी मागं बघत व्हते, भाऊ," ती म्हणाली. "गाडी दारात उभी, न् मी चालतेय. त्या दिवशीच ठरवला. बांध सुकला, तशी शिकाया लागले."

"नवऱ्याला का नाही विचारलं?"

"विचारला. हसला."

ऊन भयंकर होतं. मिठावरून येणारी चमक डोळ्यांत शिरत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मानेला चटका बसतोय हे मला जाणवलं. इतक्या दिवसांत मला जाणवलेली ती पहिली गोष्ट असावी. तिचा अर्थ मी तेव्हा लावला नाही, आजही लावत नाही.

मी तिला क्लच दाखवला. सगळ्या बोटांनी गच्च धरू नका, गाडी ओढायला लागेल तिथं क्षणभर थांबा, मग पूर्ण सोडा. पूर्ण. अर्ध्यावर ठेवलात तर गाडी जळते. तिनं दोनदा गाडी बंद पाडली. तिसऱ्यांदा गाडी अलगद निघाली. मी ओरडलो, "दुसरा टाका! दुसरा गिअर!" तिनं पायानं दुसरा टाकला. इंजिनचं ओरडणं थांबलं आणि गाडी बांधावरून सरळ निघून गेली. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बरा झाला बाबा," ती म्हणाली, "माझा पलना वाचला."

पुढच्या आठवड्यात तो शोरूममध्ये आला. "घरा येऊन गेलात म्हने. काय सापडला?"

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. "पेट्रोल कुणी चोरत नाही. क्लच नवा बसवलाय, एक महिना थांबा. सुधारेल."

तो पुटपुटत गेला. महिन्यानं आला तेव्हा पंचावन्न मिळत होतं. पहिल्या गिअरमध्ये फिरणारी गाडी आता तिसऱ्यात फिरत असणार. तो मात्र आमच्या मेकॅनिकची तारीफ करत होता आणि मेकॅनिक मान डोलवत होता.

त्या गुरुवारी काम संपल्यावर मी पूल ओलांडला. का, ते मला माहीत नाही. ठरवलं नव्हतं. सासूबाई घरी नव्हत्या. बायको मागच्या पडवीत वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो. ती म्हणाली, "जेवलात?" आणि मी हो म्हणायच्या ऐवजी तिला बांधावरच्या बाईचं सांगायला लागलो. पंचेचाळीसपासून सुरुवात केली. बाटली, खिंड, जळलेल्या प्लेटी, सगळं सांगितलं. ती वाल सोलत राहिली. ऐकतेय की नाही, कळत नव्हतं. शेवटी मी थांबलो.

"तिच्या सासूच्या पायाला आता बरं आहे का?" तिनं विचारलं.

"चालते. डाग राहिलाय."

"आणि ती रोज शिकते?"

"दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात."

"हं," ती म्हणाली. तिनं माझ्यासमोर थोडे वाल सरकवले. मीही सोलायला लागलो. दोघं बराच वेळ सोलत बसलो. एस.टी. चुकली. त्या रात्री मी तिथंच राहिलो.

खाडीकाठच्या घरात तिचं गाडी शिकणं किती दिवस लपून राहणार होतं? उन्हाळा संपता संपता त्याच्या हाताला कंपनीत इजा झाली. बसनं त्याला वडखळला आणून सोडलं, हात गळ्यात बांधलेला. घरी निरोप गेला. तो नाक्यावर चहाच्या टपरीपाशी बसला असताना बायको त्याचीच मोटरसायकल चालवत त्याच्यासमोर येऊन थांबली. टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली म्हणे. हे त्यानंच मला सांगितलं, हाताला प्लास्टर असताना, माझ्या टेबलासमोर बसून.

"तुमाला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"होतं."

मला वाटलं, आता ओरडणार.

"मी मागं बसलो," तो म्हणाला. "एका हातानं धरून. सगला गाव बघत व्हता. ती काय बोलली नाय. मी पन नाय." मग त्यानं प्लास्टरच्या हातानंच कपाळ पुसलं. "सायेब, आता दोघं चालवनार. किती ॲव्हरेज पकरायचं?"

"साठ धरा," मी म्हणालो.

त्यानंतर तो तक्रार घेऊन आला नाही. सर्व्हिसिंगला यायचा, कधी तो, कधी ती. ती यायची तेव्हा शेडमधली पोरं हातातलं काम टाकून बघत बसायची. ती कुणाकडे बघायची नाही.

माझी बायको गणपतीच्या आधी पेणला परत आली. सगळं ठीक झालं असं नाही. आम्ही बोलायचो, पण किराण्याबद्दल, पाण्याबद्दल, शेजारच्या रेडिओबद्दल. कधी कधी मी घरात असूनही ती एकटी असल्यासारखी वावरायची, आणि मला ते बरंच वाटायचं. वर्ष असंच गेलं.

पुढच्या वर्षी तिच्या मावसबहिणीचं लग्न निडीला होतं. जेवणं आटोपून आम्ही दुपारी स्टेशनवर आलो. पॅसेंजर उशिरा होती. फलाटावर आम्ही आणि एक झोपलेला माणूस, एवढेच. पलीकडं भातशेतं कापून मोकळी पडलेली. बायकोनं लग्नात मिळालेला नारळ मांडीवर धरला होता.

"तिचे कान तुमच्यासारखे होते," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"मी बघितलंच नाही तिला," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. म्हणून सांगतेय. थोडे बाहेर आलेले. आणि केस पुष्कळ होते. इथपर्यंत." तिनं स्वतःच्या मानेला बोट लावलं.

"रंग?"

"गोरी होती. आई म्हणाली, पुढं सावळी झाली असती."

आणखी काय विचारावं, मला सुचेना. मी विचारलं, हात कसे होते. तिनं सांगितलं. नखं कशी होती, तेही सांगितलं. रुळांवरून एक कुत्रं सावकाश पलीकडं गेलं. गाडी येईपर्यंत ती सांगत होती आणि मी विचारत होतो. मग गाडी आली. आम्हाला जागा समोरासमोर मिळाली, खिडकीजवळ. ती बाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे.